प्रमिलाने बघून ठेवलेलं घर

“तुझी नजर पारखी आहे. नीट बघ आणि मला सांग,” असं म्हणून प्रमिलाने मला त्या रिकाम्या घराच्या मधोमध उभं केलं आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून थांबली.

मी बघू लागले. तिसरा मजला, कोपऱ्यावरचं घर. बाहेरची खोली, आतली खोली, मध्ये स्वयंपाकघर. कडप्प्याचा ओटा अजून कोणी वापरलेला नव्हता, त्यावर सुताराने सोडलेला भुसा तसाच होता. स्वयंपाकघराला वेगळी छोटी बाल्कनी. भांडी घासायला, तुळस ठेवायला, कपडे वाळत घालायला. आतल्या खोलीची खिडकी उघडली तर समोर चंदेरीचा डोंगर. मध्ये एकही इमारत नाही, नुसती कापणी झालेली भातखाचरं. वारा असा आत आला की दारात उभ्या प्रमिलाचा पदर उडाला आणि ती हसली.

“कसं आहे गं?”

 मी खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, “बघते अजून.”

ही गोष्ट १९९९च्या फेब्रुवारीतली. त्याआधी चार वर्षं, पंच्याण्णव साली, याच बदलापुरात घरांचे भाव दर आठवड्याला चढत होते. तेव्हा आमचे हे, जयवंत, दर रविवारी घर बघायला जायचे आणि तोंड उतरवून परत यायचे. मागच्या रविवारी आवाक्यात असलेलं घर या रविवारी हाताबाहेर गेलेलं असायचं. मग बाजार कोसळला. भाव अर्ध्यावर आले. कुठे नुसते खांब उभे राहिले आणि त्यातून सळ्या गंजत बाहेर डोकावू लागल्या, कुठे अख्ख्या इमारती तयार होऊन गिऱ्हाईकाची वाट बघत पडून राहिल्या. आमच्यासारख्यांनी घर घ्यायचं तर हीच वेळ होती. पण चढत्या भावात धावणारे जयवंत पडत्या भावात जागचे हलेनात. “अजून पडतील,” एवढंच म्हणायचे. भांडुपच्या दोन खोल्यांत दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं, सासूबाई आणि आम्ही चौघं राहत होतो. साडी बदलायची तर मला मोरीचं दार लावून घ्यावं लागे.

प्रमिला हळदणकर आणि मी ठाण्याच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. एकीने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसरीने छापलेल्या कागदावर चुका टिपायच्या. शाळेची गाइडं, सहकारी संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका. चौदा वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत होतो. माझी दुसरी मैत्रीण नव्हती आणि तिचीही नव्हती.

आणि चौदा वर्षं मी तिचा हेवा करत होते. तिचा आवाज स्वच्छ होता, मालक पाहुण्यांना मुद्दाम तिचं वाचन ऐकवायचे. तिच्या नजरेतून चूक सुटत नसे. तिच्या डब्यातली लसणाची सुकी चटणी सगळे मागून घेत, माझ्या डब्याकडे कोणी बघत नसे. ब्याण्णव साली तिचा नवरा काविळीने गेला. तेव्हा मी महिनाभर रोज तिच्याकडे जात होते, मनापासून रडले होते. पण वर्ष-दोन वर्षांनी ती पुन्हा हसू लागली, लेकीला, केतकीला घेऊन सिनेमाला जाऊ लागली, मनात आलं की साडी घेऊ लागली. आणि मला तिच्या वैधव्याचाही हेवा वाटू लागला. तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

ती नौपाड्यात भावाकडे राहायची. वैशाखात भाच्याचं लग्न ठरलं होतं आणि तिची खोली आता नव्या जोडप्याला लागणार होती. भावाने तोंडाने काही म्हटलं नव्हतं, पण वहिनीने त्या खोलीचे पडदे बदलायला काढले होते. म्हणून प्रमिला घर शोधत होती. तिने हे घर आधी एकटीने येऊन बघितलं होतं आणि पक्कं करण्याआधी मला दाखवायला आणलं होतं.

मी भिंतींवर हात फिरवला, नळ सोडून बघितला. मग बोलायला सुरुवात केली. स्टेशन लांब आहे, येता-जाता वीस-वीस मिनिटं चालणं झालं. पाणी किती वेळ येतं ते लिहून घेतलंस का? खिडकी पश्चिमेची, मे महिन्यात या खोलीची भट्टी होईल. मोरीच्या कोपऱ्यात ओल दिसतेय. ओल नव्हती, गवंड्याने तिथे नुकताच गिलावा दुरुस्त केला होता, मला ते दिसत होतं. प्रमिला प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. तिला पटतंय की नाही ते कळेना, म्हणून मी शेवटचं बोलले.

“आणि चोवीस घरांच्या इमारतीत पाच बिऱ्हाडं. एकटी बाई, वयात आलेली मुलगी. कुणी हाक ऐकायला तरी आहे का?”

तेव्हा तिचा चेहरा पडला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

खाली तळमजल्यावरच्या एका रिकाम्या गाळ्यात बिल्डरच्या वतीने दळवी नावाचे वयस्कर गृहस्थ बसायचे. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे भिंतीवर किल्ल्या. त्यांनी प्रमिलाला विचारलं, काय ठरलं? गुरुवारी पगार झाला की टोकन द्यायचं तिने त्यांना आधी कबूल केलेलं होतं. ती म्हणाली, “मैत्रीण म्हणते थोडा विचार कर.” दळवी माझ्याकडे बघून म्हणाले की विचार जरूर करा, घर कुठे पळून जात नाही. त्या वर्षी खरोखरच कुठलंही घर पळून जात नव्हतं.

गाडीत ती खिडकीशी बसून बाहेर बघत होती. ठाणं आल्यावर उतरताना मला म्हणाली, “बरं झालं तुला आणलं.”

त्या संध्याकाळी मी जयवंतना गच्चीवर नेलं, कारण घरात बोलायला जागा नव्हती. छापखान्यातल्या शिपायाच्या ओळखीने एक घर कळलंय, मी बघून आले, असं सांगितलं. प्रमिलाचं नाव काढलं नाही. ते म्हणाले, अजून पडतील. मग मी सतरा वर्षांत कधी बोलले नव्हते ते सगळं बोलले. मोरीच्या दाराचं बोलले. जावेने माझा तांब्या वेगळा काढून ठेवला होता ते बोलले. हर्षद पुढच्या वर्षी बारावीला बसणार आणि त्याला पुस्तक उघडायला कोपरा नाही, ते बोलले. यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त चार वर्षं नव्हती ती घाई मला आजच का झाली, ते मी सांगितलं नाही. जयवंत कठड्याला धरून खाली बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “तुला एवढं हवंय तर घेऊ.”

सोमवारी प्रमिला नेहमीसारखी वाचत होती. दुपारी डबा खाताना मी तिला पुन्हा म्हणाले की घाई करू नकोस, वांगणी-नेरळकडेही बघ. ती म्हणाली, “हो, बघेन.” मग हात धुवायला उठली आणि जरा वेळाने परत आली.

मंगळवारी सासूबाईंचे डोळे तपासायचे आहेत असं सांगून मी रजा घेतली. आईने माझ्या नावावर ठेवलेल्या पैशांतले टोकनपुरते काढले आणि एकटीच बदलापूरला गेले. वीस मिनिटांचा रस्ता मी तेरा मिनिटांत चालले. वाटेत एकच भीती होती, ती माझ्या आधी तर येऊन गेली नसेल?

दळवी खुर्चीत पेपर वाचत होते. मला बघून त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही. बसा म्हणाले, पाणी दिलं. मी तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्याच्या घराचं बोलले. त्यांनी पेपराची घडी घातली.

“ताई, चौथ्यावर अगदी असंच घर आहे. तोच कोपरा, तीच खिडकी. भाव तोच, उलट मालक थोडं कमीही करतील. ते घ्या की. दोघी मैत्रिणी वर-खाली राहाल.”

तो माणूस भला होता. त्याने मला दार उघडून दिलं होतं. मला फक्त मान हलवायची होती.

“मला तिसऱ्यावरचंच हवं,” मी म्हणाले.

दळवींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग खणातून पावतीपुस्तक काढलं आणि विचारलं, “नाव काय लिहू?”

“सौ. कुंदा जयवंत तावडे.”

परत येताना मला किती आनंद झाला होता, ते आज सांगायलाही नको वाटतं. नव्या घराचा आनंद होताच. पण गाडीत डोळे मिटले तेव्हा समोर आलं ते घर नव्हतं, गुरुवारी टोकन घेऊन जाणाऱ्या प्रमिलाचा चेहरा होता. दळवी तिला सांगताहेत आणि ती ऐकतेय, असा.

पण गुरुवारपर्यंत मला धीर निघेना. तिला दुसऱ्याकडून कळलं तर माझ्याजवळ बोलायला काही उरणार नव्हतं. बुधवारी ती सातवीच्या भूगोलाचं गाइड वाचत होती आणि मी टिपत होते. नद्यांचा धडा होता. मी पेन्सिल खाली ठेवली.

“प्रमिला, ते बदलापूरचं घर. आम्ही घेतलं.”

पुढच्या ओळीवर बोट ठेवून ती थांबली.

“कधी गेलीस?”

“काल.”

मी उत्तरं तयार ठेवली होती. तू तसंही घेणार नव्हतीस. तुलाच म्हटलं ना, एकट्या बाईला ते योग्य नाही. जयवंतनी अचानक मनावर घेतलं. मुलांसाठी. यातलं एकही उत्तर द्यायची वेळ तिने येऊ दिली नाही.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “जयवंतरावांनी एकदाचं मनावर घेतलं.”

आणि बोट उचलून ती पुढची ओळ वाचू लागली. तोच आवाज, तेच स्वल्पविराम. त्या दिवशी मी तपासलेल्या पानांत अकरा चुका राहिल्या. संध्याकाळी मी निघाल्यावर तिने थांबून त्या एकटीने दुरुस्त केल्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतर ती माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. डबा एकत्र खायची, चटणी वाढायची. कर्जाचे कागद कुठवर आले ते विचारायची. फक्त स्वतःच्या घराचा शोध कुठवर आला ते सांगायची नाही, आणि मी विचारायची नाही. एप्रिलमध्ये तिने नोकरी सोडली. कल्याणला कुणी नवा कॉम्प्युटरवरचा छापखाना काढला होता, तिथे तिला बोलावलं होतं. मालकांनी शाल-नारळ दिला, छोटं भाषण केलं. निघताना ती सगळ्यांना भेटली, मलाही भेटली. माझ्या समोरची खुर्ची रिकामी झाली आणि तिथे एक कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलगी येऊन बसली. ती फार भराभर वाचायची.

मेच्या शेवटी ताबा मिळाला. आम्ही चौघं गेलो होतो. जयवंतनी नारळ, उदबत्ती, गणपतीची तसबीर आणली होती. दळवी किल्ली घेऊन वर आले, नळ-दिवे दाखवले आणि निघता निघता म्हणाले, “त्या दुसऱ्या बाई नाही आल्या? आज तरी येतील वाटलं होतं.”

“कोण दुसऱ्या बाई?” जयवंतनी विचारलं.

मी डोळ्यांनी खुणावत होते, पण दळवी जयवंतकडे बघून बोलत होते.

“हळदणकर बाई. त्यांनीच हे घर बघून ठेवलं होतं ना. तीन रविवार आल्या. मी दुसऱ्या कुणाला दाखवत नव्हतो. मग या ताईंना दाखवून गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी, त्यांचा फोन आला. म्हणाल्या, दळवी, माझी मैत्रीण एक-दोन दिवसांत येईल, तावडे म्हणून. तिला तिसऱ्यावरचं द्या. मला काय, मी तरी या ताईंना चौथ्यावरचं सुचवून बघितलं. म्हटलं, दोघींचं होईल.” ते माझ्याकडे वळले. “तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या. आता सगळं झालं, म्हणून बोललो.”

मुलं बाल्कनीत भांडत होती. जयवंतनी उंबऱ्याशी नारळ फोडला, पाणी शिंपडलं, खोबऱ्याचा तुकडा दळवींच्या हातावर ठेवला. दळवी गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “हे घर प्रमिलाताई घेणार होत्या?”

“घेणार होती. घेतलं नव्हतं.”

“मग आता त्या कुठे राहतात?”

मला माहीत नव्हतं. भाच्याचं लग्न होऊन महिना झाला होता.  जयवंत फारसे बोलणारे नव्हतेच, पण त्या दिवसानंतर माझ्याशी बोलताना ते शब्द तोलून बोलू लागले, परक्या माणसाशी बोलावं तसं. वास्तुशांतीला त्यांनी प्रमिलाचं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलं. मी पत्रिका नौपाड्याच्या पत्त्यावर पाठवली. ती आली नाही.

घर चांगलं निघालं. मे महिन्यात त्याची भट्टी होत नाही, पाणी येतं, वारा दिवसभर खेळतो. हर्षदने तिथे अभ्यास केला, मुलीचं लग्न तिथून झालं, सासूबाईंनी शेवटची सहा वर्षं आतल्या खोलीत खिडकीशी काढली. इमारत दोन वर्षांत भरली. चौथ्या मजल्यावर एक शिक्षक आले, त्यांचं-आमचं कधी जमलं नाही. आम्ही अजून तिथेच आहोत.

ताबा मिळाला त्याच वर्षी दिवाळीनंतर छापखान्यातला शिपाई कल्याणला काही कामाला गेला होता, त्याला प्रमिला भेटली. त्याने येऊन सांगितलं की हळदणकर बाईंनी वांगणीला घर घेतलं. बैठं घर, पुढे अंगण. कुणी पंच्याण्णव साली हौसेने बांधलेलं, मग अडचणीत येऊन मिळेल त्या भावाला विकून टाकलेलं. पेरूचं झाडही आहे म्हणे.

मी मनाला सांगितलं की आता तिची माफी मागितली पाहिजे. इतके दिवस ते सुचलं नव्हतं. तिला अंगण आहे हे कळल्यावर सुचलं. रविवारी चिवड्याचा डबा घेऊन मी वांगणीला गेले. आमच्यापासून एकच स्टेशन पुढे.

घर शोधायला वेळ लागला नाही. कुंपणाला मेंदी लावलेली होती. प्रमिला अंगणात धान्य वाळत घालत होती. मला बघून ती दोन क्षण तशीच उकिडवी राहिली, मग हात झटकून उठली.

“ये,” म्हणाली.

पुढच्या खोलीत बसवलं. पाणी दिलं. केतकी क्लासला गेली होती. आम्ही छापखान्याचं बोललो, मालकांच्या गुडघ्याचं बोललो. मग बोलायचं काही उरलं नाही तेव्हा मी म्हणाले, “दळवींनी मला सांगितलं. ताबा घेतला त्या दिवशी.”

“सांगितलंच का शेवटी.” ती जराशी हसली. “म्हातारा फार बोलतो.”

“का केलंस तसं?”

ती चिवड्याच्या डब्याचं झाकण उघडत होती, ते तिने पुन्हा लावलं.

“मी ज्या दिवशी तुला घर दाखवलं, त्या दिवशी मला काही वेगळंच वाटलं होतं. वाटलं, तुला आवडलं की वरचं तुम्ही घ्याल. जयवंतरावांना मी स्वतः भेटणार होते, मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. पण तू खिडकी उघडलीस आणि मी तुझं तोंड बघितलं.”

“मी काय केलं होतं तेव्हा?”

“काही नाही केलंस. खिडकी लावून घेतलीस.” ती थांबली. “कुंदा, चौदा वर्षं मी तुझ्या समोर बसले. मला कळत नसेल असं वाटलं तुला? नवी साडी नेसले की मी सांगायचे वहिनीने दिली. पगार वाढला की तुझा किती वाढला ते आधी विचारायचे, मग माझा सांगायचे. केतकीला दहावीला सत्त्याऐंशी टक्के पडले होते.”

“एकाहत्तर,” मी म्हणाले.

“तुझ्या हर्षदला बहात्तर होते. म्हणून एकाहत्तर सांगितले.”

त्या निकालाच्या दिवशी मी छापखान्यात पेढे वाटले होते. पहिला पेढा प्रमिलाला भरवला होता आणि म्हणाले होते, मनाला लावून घेऊ नकोस, केतकी बारावीत भरून काढेल. ती हो म्हणाली होती.

“पोरीलाही सांगून ठेवलं होतं,” प्रमिला म्हणाली. “कुंदामावशीने विचारलं तर हेच सांगायचं. ती रडली होती त्या दिवशी. मला म्हणाली, आई, मी चोरी केलीय का?”

मी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

“बाकी सगळं कमी करून सांगता येतं गं. घर कसं कमी करून सांगणार? तू दर रविवारी आली असतीस. त्या खिडकीत बसली असतीस. मला ते झेपलं नसतं.” तिचा आवाज चढला नाही, वाचताना असायचा तसाच सरळ होता. “वाटलं, तिला तेच हवंय तर तेच घेऊ दे. घरं काय, त्या वर्षी कितीही होती.”

“मला माफ कर,” मी म्हणाले.

“केलं की,” ती म्हणाली, लगेच, फार विचार न करता. जुनं काहीतरी मागितलेलं देऊन टाकावं तसं.

मग ती चहा टाकायला उठली. आतलं दार अर्धवट उघडं होतं. त्यातून निळा रंग दिलेल्या भिंतीचा तुकडा दिसत होता, आणि त्यापलीकडे आणखी एक दार.

“घर तरी दाखव तुझं,” मी म्हणाले.

“आत काय आहे बघण्यासारखं,” प्रमिला म्हणाली. “पसारा आहे नुसता. एवढीच खोली बरी आहे.”

आणि आत जाताना तिने दार मागे ओढून घेतलं.

मी बसून राहिले. डोळे भरून आले होते, ते पुसले. तिने सांगितलेलं सगळं ऐकून झालं होतं, माफी मागून झाली होती, ती मिळालीही होती. आणि मी त्या बंद दाराकडे बघत मनातल्या मनात हिशेब करत होते की पलीकडच्या दारामागे आणखी किती खोल्या असतील, आणि त्या आमच्यापेक्षा मोठ्या असतील का.

दार उघडलेलं मला कळलं नाही. मान वर केली तेव्हा प्रमिला चहाचे कप घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.